पत्ता : डोळे मिटल्यावर

"एक शांत जागा डोळ्यांपुढे आणायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज सकाळी, दहा मिनिटं."

"किती बाय किती?" तपासनिसांनी विचारलं.

दंडावरचा पट्टा सोडता सोडता डॉक्टरीणबाई थबकल्या. या माणसाचा बीपीचा आकडा वर का चढतो, याचा अर्धा उलगडा त्यांना तिथेच झाला असावा. बांधकाम परवानगीच्या कचेरीत जो माणूस एकतीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे तपासत बसला, त्याला शांतता म्हटलं तरी लांबी-रुंदी लागणारच. सोनाराने कान टोचायला घेतले तरी आधी सोनं बघावं, तसं.

"मोजायचं नाही हो. नुसतं बघायचं. तळं घ्या, बाग घ्या, टेकडी घ्या. डोळे मिटायचे, श्वास त्याचा तो चालू द्यायचा. मग त्या जागेचा रंग कसा, उजेड कुठून येतो, वास कसला, आवाज कसला, हे सावकाश बघायचं आणि तिथे जाऊन बसायचं. मन पळालं तर रागवायचं नाही. बोट धरून परत आणायचं."

"आणि तिथे... कुणी असलेलं चालतं?"

"तुम्हाला हवं असेल ते माणूस असू दे की. घरी कोण असतं?"

"बायको. म्हणजे, मुलीकडे गेलीय. जुळी झाली मुलीला."

"कधी गेल्या?"

"दीड महिन्यासाठी गेली," तपासनीस म्हणाले, आणि शर्टाची गुंडी वरच्या काजात घालून बसले.

उत्तर खरंच होतं. फक्त विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. दीड महिन्यासाठी गेलेल्या बायकोला जाऊन पाच महिने झाले होते.

रोज संध्याकाळी साडेसातला फोन यायचा. तिकडे एक जुळं रडत असायचं. ते थांबलं की दुसरं पाळी घ्यायचं. "जेवलात?" "जेवलो." "दूध उतू गेलं नाही ना?" "छे." (गेलेलं असायचं.) "येईन हो, ही दोघं जरा मान धरू देत." दोघांनी मान धरली. मग "जरा पालथी पडू देत." पालथी पडली. आता "जरा बसायला लागू देत" इथवर मजल आली होती, आणि या चालीने पोरांची वरात निघेपर्यंत आजी काही परतत नाही, असं तपासनिसांना दिसायला लागलं होतं. पण फोन ठेवताना ते न चुकता म्हणायचे, "तुझं तू बघ. इथे काही अडत नाही."

हे वाक्य त्यांना फार उदार वाटायचं. बोलून झालं की ते फोनकडे बघत उभे राहायचे. एखाद्याने दान करावं आणि घरी येऊन रिकामा डबा उघडून बघावा, तसे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्यांनी सतरंजी अंथरली, डोळे मिटले आणि तळं आणलं. चांगलं तळं आलं. निळंशार, कडेला गवत. पण बसायला म्हणून काठाशी गेले, तोच आतला तपासनीस जागा झाला. तळ्याच्या पूररेषेपासून अमुक इतक्या अंतरात बसता येत नाही. ते दहा पावलं मागे सरले. तरी अपुरं. आणखी मागे, आणखी मागे, असं करत ते इतके मागे आले की तळं दिसेनासं झालं आणि समोर आपल्याच बैठकीच्या खोलीतला पंखा आला.

ही गोष्ट त्यांनी जिन्यात समोरच्या भूगोलाच्या बाईंना सांगितली, आणि इथेच पहिली चूक झाली. बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शिकवणं सुटलं नव्हतं. दूधवालासुद्धा त्यांच्याकडून अक्षांश-रेखांश शिकून गेला होता.

"तळं?" बाई म्हणाल्या. "तळं कुणी सांगितलं तुम्हाला? साचलेलं पाणी ते. डास होतात. पर्वत घ्या, पर्वत! आणि घ्यायचा तर घडीचा घ्या. ज्वालामुखीचा घेऊ नका, तुमचं बीपी आहे."

तपासनिसांनी पर्वत घेतला. निम्म्यावर गेले आणि गुडघा धरला. मनातल्या मनात चढतानाही गुडघा का दुखावा, हे एक कोडंच. पण दुखला, आणि दिवसभर दुखत राहिला. कचेरीत ते लंगडताना दिसले तेव्हा कुणी विचारलं, "काय झालं?" "पर्वत चढलो," ते म्हणाले, आणि खुलासा करण्याऐवजी फाइल उघडून बसले.

तिसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी समुद्र सुचवला. "काका, समुद्रासारखं काही नाही. मी रोज बघतो. अथांग!" समुद्र आला खरा, पण लाटांवरून चालत विमावालेही आले, हातात कागद घेऊन, आणि म्हणाले, "काका, माणसाचं काही खरं नाही." तपासनीस घामाघूम होऊन उठले. आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी पट्टा आवळला तर आकडा होता त्याहून दोन घरं वर.

"मोठी जागा झेपत नसेल तर लहान घ्या," त्या म्हणाल्या. "एक खोली घ्या."

खोली! हे आधी का नाही सुचलं? आयुष्यभर खोल्याच तर पाहिल्या. तपासनीस मोठ्या उमेदीने बसले, डोळे मिटले. खोली येईना. अंधारात नुसता एक शिक्का दिसत राहिला: "नकाशा जोडलेला नाही."

आता यात हसण्यासारखं काही नाही. एकतीस वर्षांत ज्याने नकाशाशिवाय एक पडवी होऊ दिली नाही, त्याचं मन त्याच्याच एका खोलीला बिननकाशाची सवलत कशी देणार? नियम तो नियम. तपासनीस उठले, कपाटावरून ड्रॉइंगचा फळा काढला, धूळ झटकली आणि पेन्सिलीला टोक केलं.

खोली काढता काढता तिला ओटा आला. ओट्यामागे खिडकी आली.

या खिडकीपाशी जरा थांबायला हवं. तपासनीस राहत होते त्या इमारतीत स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. हवा यायची ती मधल्या बोळकांडीतून, तीही नळांचे पाइप ओलांडून. नकाशा नियमात बसत होता. कुणी मंजूर केला होता हे विचारू नये. भर दुपारी दिवा लावून बायको पोळ्या लाटायची, आणि तिला दोन ओळी जुळवायची खोड होती. आईकडून आली होती, आईला तिच्या आईकडून. लाटण्याच्या ठेक्यावर ती म्हणायची, मुद्दाम बाहेर ऐकू जाईल अशी:

साऱ्या जगाच्या खिडक्या मोजतो गं घरधनी,
माझ्या ओट्याला उजेड आणून देईना कुणी!

"ऐकू येतंय," बाहेरून तपासनीस म्हणायचे. "ऐकू यावं म्हणूनच म्हणतेय," आतून उत्तर यायचं. आणि वर्तमानपत्रामागे तपासनीस हसायचे. हसू ऐकू जाणार नाही असं. आता दिवा लावायलाही कुणी नव्हतं. स्वयंपाकघर दुपारी काळंभोर असायचं, आणि त्या काळोखात शिरताना तपासनिसांना उगीच खाकरल्याशिवाय चैन पडत नसे.

तर खिडकी काढली. पूर्वेला, साडेचार फुटी. ओटा नेहमीच्या मापाचा काढला आणि खोडला. बायकोची उंची बेताची, ती पाटावर उभी राहून काम करायची. दोन इंच खाली घेतला. बाहेर एक झाड काढलं. खिडकीपाशी दोन खुर्च्या काढल्या. चारी बाजूंना नियमाप्रमाणे अंतर सोडलं, उत्तर दिशेचा बाण काढला, खाली तक्ता आखला. "मालकाचे नाव" या रकान्यात हात आपोआप बायकोचं नाव लिहून गेला. "जागेचा पत्ता" इथे मात्र बराच वेळ पेन्सिल अडली. खोटं लिहायची सवय नव्हती. शेवटी त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: डोळे मिटल्यावर.

आणि दुसऱ्या दिवशी काय सांगावं! डोळे मिटायचा अवकाश, तपासनीस आत! फरशीवर कोवळ्या उन्हाची चौकट पडलेली, नळाचा थेंब थेंब, ओल्या मातीचा वास, बाहेर पानांची सळसळ. ते एका खुर्चीवर बसले. दहा मिनिटांची पंचवीस झाली. चार दिवसांत बीपी असं उतरलं की डॉक्टरीणबाईंनी पट्टाच बदलून बघितला.

फक्त दुसरी खुर्ची रिकामी राहायची.

तिला आणायचा त्यांनी परोपरीने प्रयत्न केला. तिचा चष्मा यायचा, ओट्यावर. चपलांचा आवाज यायचा, फट् फट्, आत्ता वळेल, आत्ता वळेल असा, आणि तिथेच थांबायचा. बांगड्या वाजायच्या. पदराचं टोक म्हणून बघायला जावं तर खिडकीचा पडदा. बाई काही येत नव्हती. तपासनीस खुर्चीकडे बघत बसायचे. वाटायचं, नकाशात काहीतरी कमी आहे. डब्यांची फळी? पाण्याचा माठ? सकाळी उठून ते नकाशात एकेक गोष्ट भरत गेले, आणि जेवणाच्या सुट्टीतही भरता यावी म्हणून नकाशा पिशवीत घालून कचेरीत न्यायला लागले.

मंगळवारी तो नकाशा पिशवीतून टेबलावर, टेबलावरून इतर कागदांबरोबर ट्रेमध्ये, आणि ट्रेमधून आवकबाईंकडे गेला.

आवकबाई म्हणजे कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून क्रमांक घालणाऱ्या बाई. हाताला इतका सराव की एकदा कुणी जेवणाचा रुमाल टेबलावर ठेवला तर त्याच्यावरही आवक पडली होती. नकाशावर शिक्का पडला: आवक क्रमांक अकराशे सत्तावीस.

"बाई, तो कागद माझा आहे. चुकून आला," तपासनीस म्हणाले.

"चुकून येतात तेच जास्त असतात साहेब," आवकबाई म्हणाल्या. "पण आता क्रमांक पडला. परत देता येत नाही. परिपत्रक आहे."

"कुणी काढलंय असलं परिपत्रक?"

आवकबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या चौकटीत नऊ वर्षांपूर्वीचं परिपत्रक होतं: एकदा आवक झालेला कागद अर्जदाराच्या सहीशिवाय मागे देऊ नये. खाली मसुदा करणाऱ्याची सही. सही तपासनिसांचीच होती, आणि चौकटही त्यांनीच हौसेने करून आणली होती.

"आणि अर्जदार तुम्ही नाही," बाई नकाशावर वाकून म्हणाल्या. "अर्जदार बाईमाणूस आहे. कोण हो ह्या?"

तपासनीस भिंतीवरच्या चौकटीकडे बघत राहिले. कान मात्र लाल झाले.

फाइल चालू लागली. एरवी लोकांच्या चपला झिजतात तरी न हलणारी फाइल, ही कशी धावली देव जाणे. पाणीखात्याने लिहिलं: "नळजोडणीस हरकत नाही." अग्निशमनवाल्यांनी विचारलं: "बंब वळण्यास जागा आहे काय?" उद्यानखात्याने शेरा मारला: "खिडकीबाहेरील झाडाची जात नमूद नाही." पत्ता कुणीच वाचला नव्हता. वाचला तो साहेबांनी. साहेब म्हणजे कचेरीचे मुख्य. पोट सुटलेले, शब्द जपून वापरणारे. त्यांनी तपासनिसांना आत बोलावलं.

"हा पत्ता कुठल्या प्रभागात येतो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. खाली मान घालून तपासनिसांनी सगळं सांगितलं. बीपी, तळं, पर्वत, समुद्र, खोली. खुर्चीचं तेवढं सांगितलं नाही. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "हं. फाइल माझ्याकडे राहू द्या एक दिवस."

दुपारपर्यंत कचेरीभर झालं. मोठ्याने कुणी हसलं नाही, पण टाचण्या पडल्या तरी ऐकू याव्या अशी जी शांतता पसरते, ती हसण्यापेक्षा वाईट. तपासनीस पाणी प्यायला गेले तर मागून आवाज आला, "साहेब, डोळे उघडे ठेवून जा, ओलं आहे." तपासनिसांनी ते पाणी निम्मंच प्यायलं.

पण खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला. सकाळी टेबलापाशी आवकबाई आल्या. चेहऱ्यावर कधी न दिसलेलं काहीतरी होतं.

"साहेब, रागावणार नसाल तर सांगते. काल जेवणाच्या सुट्टीत मी जरा डोळे मिटले. तुमचा नकाशा डोक्यात होता. इतका बारीक काढलाय की काही आठवावंच लागलं नाही. त्या ओट्यावर जाऊन बसले मी. काय वारा येतो हो! माझी आई गेल्यापासून असं कुणी मला बसू दिलं नव्हतं."

"या की," तपासनीस म्हणाले. "ओट्यावर बसायला हरकत नाही."

संध्याकाळी साहेबांनी हाक मारली. "मीही जाऊन आलो," ते हळूच म्हणाले. "सकाळी. घरी सांगितलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलो अर्धा तास. माझी पाठ धरली नाही बघा."

"कुठल्या खुर्चीवर?"

"दोन आहेत ना? डावीकडच्या."

"ती खुर्ची," तपासनिसांचा आवाज चढला, मग फाटला, "ती राखीव आहे साहेब."

एकतीस वर्षांत ते साहेबांसमोर प्रथमच वरच्या पट्टीत बोलले होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला कल्पना नव्हती," ते म्हणाले.

झालं. दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी डोळे मिटले तर ओट्यावर आवकबाई पाय हलवत बसलेल्या, खिडकीबाहेर अग्निशमनचा बंब मागेपुढे करतोय, आणि डावीकडच्या खुर्चीवर साहेब, उठायच्या बेतात पण अजून बसलेले. चपलांचा फट् फट् आवाजही आला नाही त्या दिवशी. आपण जिच्यासाठी घर केलं तिला सोडून गावाने मुक्काम ठोकला, म्हणून तपासनिसांना रडू यायचं बाकी राहिलं.

फाइल मागे घेणं भाग होतं. मागे घ्यायला अर्जदाराची सही हवी. सहीच्या अर्जासोबत नकाशाची प्रत जोडावी, असं परिपत्रकाचं चौथं कलम. ते लिहिताना आपण किती दूरदृष्टी दाखवली, असं नऊ वर्षांपूर्वी वाटलं होतं.

साडेसातला फोन आला.

"जेवलात?"

"जेवलो. अगं, एक कागद पाठवतोय. सही करून धाड."

"कसला?"

"कचेरीचा आहे. तुझ्या नावाचा."

"माझ्या नावाचा? मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. माझ्याकडून झालंय. सही कर, वाचत बसू नकोस."

हे शेवटचं वाक्य म्हणजे मांजरीला दुधावरचं झाकण दाखवणं. पण बोलून गेले होते.

लिफाफा गेला. त्या दिवसापासून साडेसातच्या फोनवर तिने कागदाचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. "जेवलात?" "जेवलो." मध्येच ती गप्प व्हायची, आणि एक जुळं दोघांच्या वतीने रडायचं. एकदा वाटलं ती हसतेय. एकदा वाटलं नाक ओढतेय. भूगोलाच्या बाईंनी जिन्यात सांगितलं, "लाटा किनाऱ्यावर यायच्या आधी पाणी मागे सरतं, हे लक्षात ठेवा." याने धीर आला की गेला, हे तपासनिसांना ठरवता आलं नाही. बीपी मात्र चढलं.

आठव्या दिवशी लिफाफा आला. घरी नव्हे, कचेरीत. परतीच्या पत्त्याच्या जागी छापील पत्ता कचेरीचाच होता. आवकबाईंनी शिक्का मारला, उघडला आणि खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"साहेब! वहिनींचं आलं!"

टेबलाभोवती माणसं कशी जमली ते कळलं नाही. साहेबही दारात येऊन उभे राहिले. मागे घेण्याच्या अर्जावर सही नव्हती. सहीच्या जागी लिहिलं होतं, "आधी बघू, मग मागे घेऊ." आणि नकाशाच्या प्रतीवर लाल पेन्सिलीने शेरे होते, अगदी तपासनीस मारतात तसे, बाण काढून, समासात.

ओट्यापाशी: "उंची बरोबर. म्हणजे लक्ष होतं म्हणायचं."

झाडापाशी: "जात कशाला? उगवेल ते उगवू दे."

खुर्च्यांपाशी: "दोहोंत चार फूट अंतर कशाला? मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. वर्ष झालं. बोलले नाही."

तपासनिसांनी ती ओळ दोनदा वाचली. वर्षभर ती स्वयंपाकघरातून "काय म्हणालात?" म्हणायची आणि आपण "काही नाही" म्हणायचो.

आणि नकाशाच्या मधोमध, सगळ्यात ठळक: "बाकी छान. दार कुठे आहे?"

सगळी डोकी एकदम नकाशावर वाकली. पूर्वेची भिंत, पश्चिमेची, उत्तरेची, दक्षिणेची. खिडकी होती. बंबाला वळायला जागा होती. नळ होता, माठ होता, डब्यांची फळी होती. तीन खात्यांचे शेरे होते, साहेबांची आद्याक्षरं होती. दार नव्हतं.

"मग मी आत कशी गेले?" आवकबाई पुटपुटल्या. "खिडकीतून की काय?"

"मी," साहेब म्हणाले, "मी आत होतोच." आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते छताकडे बघायला लागले.

समासाच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, दोन ओळी होत्या:

घर बांधलं नेटकं, त्याची रेघ रेघ साधी,
आत यायचं म्हणते, दार काढा कुणी आधी.

तपासनिसांनी चष्मा काढला. एकतीस वर्षं लोकांच्या नकाशातल्या चुका काढल्या. अर्ध्या इंचासाठी माणसं परत पाठवली. आणि जिच्यासाठी हौसेने घर काढलं तिला बाहेर ठेवून भिंती बंद केल्या. चपला वाजत होत्या, फट् फट्. त्या थांबायच्या कुठे, ते आता कळलं.

"सुधारित नकाशा सादर करा," साहेब हळू आवाजात म्हणाले. "आजच."

कुणीतरी पेन्सिल पुढे केली. तपासनिसांनी ती धरली, कागदावर टेकवली आणि तिथेच अडले. कुठे काढायचं? पूर्वेला खिडकी आहे. पश्चिमेला ऊन. दक्षिणेला काढावं तर थेट ओटा दिसतो, तिला आवडत नाही. उत्तरेला...

"तिला विचारायला हवं," ते म्हणाले.

"विचारा," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या टेबलावरचा फोन दोरीसकट ओढून पुढे आणला.

सकाळचे अकरा वाजले होते. या वेळी फोन कधी गेलाच नव्हता. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"काय झालं? पडलात का?"

"नाही गं. मी बराय. ते... दार कुठे काढू?"

तिकडे एक जुळं काहीतरी वाजवत होतं, भांडं असावं. ते थांबलं.

"फोनवर सांगू," ती म्हणाली, "की येऊन दाखवू?"

तपासनिसांच्या जिभेवर ते वाक्य आलं. तुझं तू बघ, इथे काही अडत नाही. पाच महिने तोंडात घोळून गुळगुळीत झालेलं, आपोआप घरंगळणारं. त्यांनी ते गिळलं. भोवती सगळी कचेरी फाइलींत डोकं खुपसून होती आणि एकही पान उलटत नव्हतं.

"ये," ते म्हणाले.

"काय? थांबा, फोन डाव्या कानाला आहे. हं, बोला."

"ये म्हटलं."

"नीट बोला की हो, पोरं ओरडतायत."

"ये!" तपासनीस ओरडले. "ये म्हणतोय! पाच महिने झाले! दूध रोज उतू जातं! इथे सगळं अडलंय तुझ्यावाचून!"

आवकबाईंच्या हातून शिक्का पडला. फोनमध्ये तिचा आवाज आला, जरा ओलसर, पण वेलांटी-उकार सांभाळून:

"एवढं एक बोलायला माणसाने घर बांधायला घ्यावं! अहो, मला वाटलं तुमचं खरंच काही अडत नाही. रोज तेच सांगत होतात. मग मी तरी कुणाच्या जिवावर निघायचं?" आणि लगेच, "आज नाही जमणार. उद्याही नाही. परवाच्या गाडीने निघते. कपडे ओले आहेत, वाळायचेत."

फोन ठेवल्यावर तपासनिसांनी पेन्सिल साहेबांच्या टेबलावर ठेवली. नकाशा तसाच घडी करून फाइलीत घातला. फाइलीवर साहेबांनी लिहिलं, "अर्जदार समक्ष हजर होईपर्यंत प्रलंबित," आणि या शेऱ्याला कुणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनिसांनी सतरंजी अंथरली. डोळे मिटले. उन्हाची चौकट फरशीवर होती, थेंब थेंब नळ होता. आवकबाई नव्हत्या, बंब नव्हता. साहेबही नव्हते, जाताना त्यांनी खुर्चीवरची धूळ झटकली असावी. तपासनिसांनी ती खुर्ची उचलली, बायकोचा उजवा कान आपल्याकडे येईल अशी ठेवली आणि चार फुटांची चार बोटं केली. मग बसून राहिले. बाहेर ते कुठलंसं झाड हलत होतं. त्यांनी कान दिला. चपला वाजल्या नाहीत, बांगड्या वाजल्या नाहीत, पडदासुद्धा हलला नाही. आजवर कधी नव्हती इतकी खोली रिकामी होती, आणि आज त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

ती आली नव्हती. येणार कुठून? कपडे अजून वाळायचे होते.